हरण्याचा हक्क

३ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे फुटबॉलपटू टीव्हीसमोर निकालाची वाट बघत बसले होते. त्या हंगामात ते तेरा सामने खेळले होते आणि तेराही जिंकले होते. आदल्याच रात्री त्यांनी आपल्या गटाचं, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं, विजेतेपद मिळवलं होतं. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत तेव्हा चारच जागा होत्या. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा अशी चार नावं जाहीर झाली. फ्लोरिडा स्टेट पाचव्या क्रमांकावर राहिला. निवडलेल्या चौघांपैकी टेक्सस आणि अलाबामा त्या हंगामात प्रत्येकी एक सामना हरलेले होते.

असं का झालं, हे समजायला पंधरा दिवस मागे जावं लागतं. १८ नोव्हेंबरला एका तुलनेने सोप्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाच्या आक्रमणाची सगळी सूत्रं क्वार्टरबॅकच्या हातात असतात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक खेळला आणि संघ फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध २४-१५ असा जिंकला, पण त्या सामन्यात त्याच्याही डोक्याला मार लागला. म्हणून गटाच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा, तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक उतरला. लुईव्हिलविरुद्धचा तो सामना बचावफळीने १६-६ असा जिंकून दिला. निवड समितीचं म्हणणं थोडक्यात असं की, ट्रॅव्हिस नसलेला हा संघ पूर्वीचा संघ राहिलेला नाही. निवडीनंतर ट्रॅव्हिसने समाजमाध्यमावर जे लिहिलं, त्याचा आशय असा होता, की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा कितीतरी मोठा आहे हे तुम्हाला दिसलं असतं.

बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूवर असं वाटून घेण्याची वेळ यावी, यात काहीतरी नैतिक गफलत आहे. ती नेमकी कुठे आहे, हे शोधण्याचा हा प्रयत्न.

समिती लागतेच कशाला?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांना पहिला प्रश्न हाच पडेल. अमेरिकेतल्याच व्यावसायिक फुटबॉलमध्ये, एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. प्रत्येक संघ १७ सामने खेळतो, १४ संघ बाद फेरीत जातात. कोण जाणार हे जय-पराजयाच्या तक्त्यावरून ठरतं, आणि दोन संघ बरोबरीत असले तर कोणाला पुढे काढायचं याचे नियमही आधीच लिहून ठेवलेले असतात. कोणी बंद खोलीत बसून मत देत नाही.

विद्यापीठांच्या फुटबॉलची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च विभागात १३० हून अधिक संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात बाराच सामने येतात. त्यातले बहुतेक सामने आपापल्या गटात होतात. त्यामुळे बहुतांश संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. एका संघाचे बारा विजय आणि दुसऱ्याचे बारा विजय यांचं वजन सारखं असेलच असं नाही. ही अडचण खरी आहे आणि ती शंभर वर्षांत कोणालाही पूर्णपणे सोडवता आलेली नाही.

१९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडा पत्रकारांचा कौल घेत आली आहे. पुढे प्रशिक्षकांचाही कौल सुरू झाला. दोन्ही कौल जुळले नाहीत, की देशाला दोन विजेते मिळत. १९९७ च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का असे दोघेही विजेते ठरले. १९९८ पासून कौल आणि संगणकी क्रमवारी यांची सांगड घालून दोन संघ निवडायची पद्धत आली. २००३ मध्ये तिने असा चमत्कार केला की दोन्ही कौलांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ अंतिम सामन्यातच नव्हता. २००४ मध्ये ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिला. संगणकावर लोक चिडले. माणसांनी विचार करून निवड करावी, अशी मागणी झाली आणि २०१४ पासून तेरा जणांची समिती आली. तीत विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू असे लोक असतात. आपल्या विद्यापीठाची चर्चा निघाली की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं असतं.

या समितीत बदमाश लोक बसले आहेत असं समजून वाद घालणं सोपं आहे. पण त्यातून काही हाती लागत नाही. सगळे सदस्य सचोटीचे आहेत असं धरून चाललं, तरीही प्रश्न उरतो, आणि तोच महत्त्वाचा आहे.

सर्वोत्तम आणि पात्र

दर वर्षी नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांतून, नोकरीच्या ठिकाणी, घरच्या जेवणाच्या टेबलावर हा वाद सुरू होतो. तिथे शिकायला गेलेली आपल्याकडची मुलंही पहिल्या वर्षी हे नुसतं बघतात आणि दुसऱ्या वर्षी आपल्या विद्यापीठाची टोपी घालून वादात उतरतात. तासभर ऐकलं की लक्षात येतं, माणसं दोन वेगळे शब्द एकाच अर्थाने वापरत आहेत. एक शब्द 'सर्वोत्तम', दुसरा 'पात्र'.

सर्वोत्तम संघ म्हणजे उद्या सामना झाला तर जो जिंकण्याची शक्यता सर्वात जास्त, तो. पात्र संघ म्हणजे आजवर जे केलं त्याच्या बळावर ज्याने जागा कमावली, तो. पहिल्या शब्दाचं तोंड भविष्याकडे आहे, दुसऱ्याचं भूतकाळाकडे. बहुतेक वर्षी दोन्ही शब्द एकाच संघाला लागू पडतात, म्हणून फरक जाणवत नाही. २०२३ मध्ये ते वेगळे झाले.

समितीच्या नियमावलीत शब्द होता 'सर्वोत्तम'. कोणाविरुद्ध खेळलात, आमनेसामनेच्या सामन्यात कोण जिंकलं, गटाचं विजेतेपद कोणाकडे आहे, हे सगळं बघायला सांगितलं होतंच. पण महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसल्याने संघाच्या पुढच्या कामगिरीवर परिणाम होणार असेल, तर तेही लक्षात घेण्याची मुभा होती. म्हणजे समितीने नियम मोडला नाही. तक्रार करायची तर नियमाविरुद्धच करावी लागते.

आणि समितीची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. अलाबामाने २ डिसेंबरला जॉर्जियाला २७-२४ असं हरवलं होतं. तो जॉर्जिया संघ त्याआधी सलग २९ सामने जिंकला होता. अलाबामाचा एकमेव पराभव टेक्ससकडून झाला होता, आणि टेक्ससही निवडलेल्या चौघांत होता. लुईव्हिलला १६-६ ने हरवणं आणि जॉर्जियाला हरवणं यांत फरक आहे, हे कोणीही प्रामाणिक माणूस मान्य करील. 'एकही सामना हरलो नाही' या वाक्यात 'कोणाशी खेळलो' हा प्रश्न दडलेला असतो. पात्रतासुद्धा नुसत्या बेरजेने कळत नाही, तिच्यासाठीही विवेक वापरावा लागतो.

समितीने एवढंच म्हटलं असतं, की तुमच्या तेरा विजयांपेक्षा अलाबामाचे बारा विजय वजनदार आहेत, तर त्यावर वाद घालता आला असता, पण त्यात अन्याय दिसला नसता. तो केलेल्या कामाचा हिशेब झाला असता, चूक किंवा बरोबर. पण ट्रॅव्हिसची दुखापत या हिशेबात येते ती वेगळ्या दाराने. तिच्यामुळे आधीचे विजय कमी होत नाहीत. तिच्यानंतरचे दोन्ही सामनेही संघाने जिंकलेच. दुखापत फक्त एका गोष्टीबद्दल काही सांगते: उद्या काय होईल. म्हणजे जे घडलं त्यावर, जे घडेल असं वाटलं त्याने मात केली.

अंदाज आणि निकाल

अंदाज बांधणं मुळात वाईट नाही. प्रशिक्षक संघ निवडतो तेव्हा पुढचाच विचार करतो आणि गेल्या वर्षीच्या शतकवीराला खराब लयीत बाहेर बसवतो. शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर निवडताना आपण त्याला त्याच्या जुन्या कष्टांचं बक्षीस देत नसतो. तिथे निवड हे साधन असतं, हेतू दुसराच असतो. पण बाद फेरीतली जागा हे हंगामाचं फळ आहे. 'जिंकत राहा, पुढे जाल' हे स्पर्धेचं न लिहिलेलं वचन असतं. त्यावर भरवसा ठेवूनच कोणी ऑगस्टच्या उन्हात सराव करतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात प्रक्रियेतून मिळणाऱ्या न्यायाचे प्रकार सांगितले आहेत. त्यातले दोन इथे उपयोगी आहेत. फौजदारी खटल्यात एक सत्य प्रक्रियेच्या बाहेर असतं. आरोपीने गुन्हा केला आहे किंवा नाही. खटला हा त्या सत्यापर्यंत पोचण्याचा प्रयत्न, आणि तो चुकू शकतो. दुसऱ्या प्रकारात असं बाहेरचं सत्य नसतंच. प्रामाणिकपणे खेळलेल्या जुगारात जे निघेल तेच न्याय्य, कारण ते त्या प्रक्रियेतून निघालं.

फुटबॉलचा सामना दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा आहे. 'खरा विजेता' कुठेतरी आधीच ठरलेला आहे आणि सामना फक्त तो शोधून काढतो, असं नाही. सामन्यात जो जिंकतो तो विजेता, मग शंभरपैकी नव्वद वेळा तो हरला असता तरी. दुबळ्या संघाला खेळताना बघण्यात जी धाकधूक असते, ती याच गोष्टीची. 'सर्वोत्तम कोण' हे समिती खोलीत बसून ठरवू लागते, तेव्हा ती सामन्याला नकळत पहिल्या प्रकारात ढकलते. जणू सत्य आधीच अस्तित्वात आहे, ते आम्हाला दिसलं आहे, आता खेळून दाखवायची गरज नाही.

फ्लोरिडा स्टेटच्या मुलांचं जे हिरावलं गेलं ते विजेतेपद नव्हे. ते कदाचित मिशिगनकडून चाळीस गुणांनी हरले असते. हिरावला गेला तो हरण्याचा हक्क. मैदानावर हरलेल्या माणसाकडे स्वतःचं म्हणता येईल असं काहीतरी असतं: प्रतिस्पर्ध्याचं नाव, गुणफलक, हातून सुटलेला झेल. तो रात्रभर तळमळतो, पण कशासाठी ते त्याला ठाऊक असतं. 'तू हरलाच असतास' असं ज्याला सांगितलं जातं, त्याच्याकडे यातलं काहीच नसतं. त्याला उत्तर देता येत नाही, कारण ज्या गोष्टीवर उत्तर द्यायचं ती घडलेलीच नसते.

२०१४ चं उदाहरण इथे आठवतं. ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक हंगामाआधी जायबंदी झाला आणि दुसऱ्याचा घोटा मिशिगनविरुद्ध मोडला. तिसरा, कार्डेल जोन्स, गटाच्या अंतिम सामन्यात उतरला आणि संघाने विस्कॉन्सिनला ५९-० असं धुतलं. समितीने त्यांना चौथी जागा दिली. त्याच आठवड्यात टीसीयूचा संघ ५५-३ असा जिंकूनही तिसऱ्या स्थानावरून सहाव्यावर घसरला. पुढे जोन्सच्या संघाने अलाबामाला आणि मग ओरेगनला हरवून विजेतेपद घेतलं. ५९-० आणि १६-६ यांत फरक आहे हे खरं. पण तिसरा क्वार्टरबॅक काय करू शकतो हे खोलीत बसून सांगता येत नाही, याचा पुरावा समितीने स्वतःच पहिल्या वर्षी पाहिला होता.

स्वतःच स्वतःचा पुरावा

३० डिसेंबर २०२३ रोजी ऑरेंज बोलमध्ये, म्हणजे बाद फेरीबाहेरच्या एका मानाच्या सामन्यात, फ्लोरिडा स्टेटची गाठ जॉर्जियाशी पडली. जॉर्जिया ६३-३ असा जिंकला. लगेच अनेकांनी म्हटलं, बघा, समिती बरोबरच होती.

पण त्या दिवशी मैदानावर कोण होतं? फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू खेळलेच नाहीत. कोणी जायबंदी होतं, कोणी दुसऱ्या विद्यापीठात निघालं होतं, कोणी व्यावसायिक कारकिर्दीसाठी स्वतःला जपत होतं. विजेतेपदाची आशा असती तर त्यातले कितीतरी उतरले असते. म्हणजे निर्णयाने संघ मोडला आणि मोडलेल्या संघाचा पराभव निर्णयाचा पुरावा ठरला.

हा तर्क फुटबॉलपुरता नाही, म्हणून त्यावर थांबायला हवं. ज्याला संधी नाकारली, तो पुढे कोमेजतो. मग त्याच्या कोमेजण्याकडे बोट दाखवून म्हणायचं, की याच्यात दम नव्हताच. नकाराचा परिणाम नकाराचं कारण म्हणून सांगितला जातो. ज्या कुठल्या जागी माणसांना संधी वाटली जाते, तिथे हा तर्क ऐकू येतो, आणि तो ऐकणाऱ्याला पटतोही, कारण आकडा समोर असतो. ६३-३ हा आकडा खोटा नाही. फक्त तो ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवला जातो, त्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

याचंच दुसरं रूप २०१७ मध्ये दिसलं. सेंट्रल फ्लोरिडाचा संघ नियमित हंगाम आणि गटाचं विजेतेपद मिळून बाराच्या बारा सामने जिंकला. समितीने त्याला बारावा क्रमांक दिला. गट दुबळा, प्रतिस्पर्धी सामान्य, हे कारण. १ जानेवारी २०१८ ला त्यांनी ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं. ऑबर्नने त्याच हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांना हरवलं होतं (जॉर्जियाने पुढे परतफेड केली), आणि राष्ट्रीय अंतिम सामना नेमका त्या दोघांतच झाला. सेंट्रल फ्लोरिडाने स्वतःला राष्ट्रीय विजेता म्हणवून मिरवणूक काढली. अनेकांना ते हास्यास्पद वाटलं. पण ज्याला मोठ्यांशी खेळायला मिळत नाही, त्याला 'तू मोठ्यांशी कुठे खेळलास?' असं विचारणंही तितकंच हास्यास्पद नाही का?

रेष सरकते, पुसली जात नाही

२०२४ पासून बाद फेरीत बारा संघ आले. २०२४ आणि २०२५ मध्ये त्यांत गटविजेत्यांपैकी क्रमवारीत वरचे पाच जण हक्काने आत आले. उरलेल्या सात जागा समितीच्या हातात. वाद मिटला का? नाही. २०२५ मध्ये नोत्र दाम आणि मायामी दोघेही १०-२ होते. शेवटच्या शनिवार-रविवारी दोघांपैकी कोणीही खेळलं नाही. तरी आधी नोत्र दामच्या मागे असलेला मायामी अंतिम क्रमवारीत पुढे आला, कारण दोघांच्या मधला ब्रिगम यंगचा संघ हरून खाली गेला आणि मग ऑगस्टमध्ये मायामीने नोत्र दामला २७-२४ असं हरवल्याची गोष्ट निर्णायक मानली गेली. ऑगस्टमध्ये घडलेली गोष्ट डिसेंबरात आठवली. निकाल माझ्या मते योग्यच होता, पण तो ज्या रीतीने लागला त्याने कोणाचंच समाधान होण्यासारखं नव्हतं.

तेव्हा लोक म्हणतात, चार करा, बारा करा, चोवीस करा, रेषेच्या पलीकडचा रडणारच. ही समजूत अर्धीच खरी आहे. भांडणांची संख्या कमी होत नाही, हे बरोबर. पण भांडणाचं वजन कमी होतं. चारच्या काळात एकही सामना न हरलेला संघ बाहेर राहत होता. बाराच्या काळात दोनदा हरलेला राहतो. नोत्र दामच्या हातून ते दोन सामने मैदानावर निसटले होते. तक्रार करताना त्यांना निदान स्वतःच्या चुकाही मोजता येतात. अन्याय पूर्ण संपवता आला नाही तरी तो कमी दुखेल अशा जागी सरकवता येतो, आणि संस्थांच्या बाबतीत पुष्कळदा एवढंच साधतं.

याचीही किंमत आहे. २०२४ मध्ये ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० ने हरला, आपल्या गटाच्या अंतिम सामन्यातही पोचला नाही, आणि तरी जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेता झाला. जुन्या पद्धतीत त्याला जागा मिळाली नसती. मिशिगनच्या त्या विजयाचं मोल मात्र त्यामुळे थोडं उणावलं. दार रुंद केलं की दारापर्यंतच्या चालण्याला कमी अर्थ उरतो. मला हा सौदा पत्करण्याजोगा वाटतो, पण तो फुकटचा नाही हे कबूल करायला हवं.

वाद घालणाऱ्यांविषयी

शेवटी आपण, म्हणजे समितीत नसलेली, नुसती वाद घालणारी माणसं. या वादात एक गमतीची गोष्ट नेहमी दिसते. अलाबामाचा चाहता २०२३ मध्ये 'सर्वोत्तम'च्या बाजूने बोलतो. पुढच्याच वर्षी तीन सामने हरलेला अलाबामा बाहेर राहतो आणि अकरा सामने जिंकलेला एसएमयू आत जातो, तेव्हाही तो 'सर्वोत्तम'च म्हणतो. पण मधे कधी अलाबामाच विनापराभव असेल, तर 'पात्रता' हा शब्द त्याच्या तोंडी लगेच येईल. फ्लोरिडा स्टेटवाल्याचंही तसंच. आधी संघ ठरतो, मग तत्त्व शोधलं जातं. क्रीडाप्रेमात हे क्षम्य आहे. पण हीच सवय घेऊन आपण नेमणुका, प्रवेश, पुरस्कार यांच्याबद्दलही बोलत असतो.

टीव्हीवरचे विश्लेषक कधी कधी संघांची नावं झाकून नुसते आकडे दाखवतात आणि विचारतात, यातला कोणता निवडाल? नाव उघडल्यावर पुष्कळांना आपलं उत्तर बदलावंसं वाटतं. तेवढ्या क्षणात माणसाला स्वतःबद्दल जे कळतं, ते त्याला तासभराच्या भांडणातून कळत नाही. निकष आधी ठरवायचा, तो कोणाच्या फायद्याचा आहे हे कळण्यापूर्वी, आणि नंतर तो आपल्या विरुद्ध गेला तरी पाळायचा. सांगायला सोपी, निभवायला महाकठीण अशी ही गोष्ट आहे.

माझा निकष मी आधीच सांगून ठेवतो. केलेल्या कामाचं वजन जोखावं, त्यात चूक झाली तर ती मान्य करावी. पण जे अजून घडलेलं नाही, त्याच्या नावाने घडलेलं पुसू नये. तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक मोठ्या संघासमोर टिकणार नाही असं वाटत असेल, तर तसं खुशाल म्हणावं, पैज लावावी, आणि सामना सुरू होऊ द्यावा.